हात धुण्याचं सौम्य लिक्विड घरी करताना : साखळी (गोवा) इथल्या प्रकल्प नोंदी

२२ एप्रिल

आमच्या वाड्यावरच्या काही बायका सकाळच्या कदंब बसने म्हापशाला आणि तिथून पुढे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला जातात. कुणी स्वयंपाकघरात, कुणी लाँड्रीत. दिवसभर हात धुणं सुरूच. हाताशी असतं ते भांड्यांचं लिक्विड, नाहीतर कपड्यांची वडी. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात. "धुतल्यावर हात ताणतात गो, तेल लावल्याशिवाय मूठ मिटत नाही," असं त्या म्हणाल्या. मी रसायनशास्त्र शिकलेली आहे आणि घरात वजनकाटा आहे, तेव्हा यांच्यासाठी सौम्य काहीतरी बनवायचं ठरवलं. विकायचं नाही, वाड्यापुरतंच. दुसऱ्या कुणाला असं करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते.

सगळ्यांची पहिली सूचना एकच होती : "घरच्या खोबरेलाचा साबण कर, त्यात केमिकल नसतं." तिथूनच सुरुवात करते.

२५ एप्रिल

घाण्याचं खोबरेल १ किलो. ते पूर्ण साबणात बदलायला १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेल थोडं शिल्लक राहावं म्हणून मी २० टक्के कमी, म्हणजे १४६ ग्रॅम घेतला. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, सोडा ते खातो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

वड्या कापून फळीवर ठेवल्या. निदान महिनाभर वाळू देणार.

२८ मे

साबण दिसायला सुंदर झाला आहे. पांढराशुभ्र, कडक, फेस भरपूर. खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, म्हणून पूर्वी जहाजांवर तो वापरत. जाऊबाईंनी आठवडाभर वापरला. हात आधीपेक्षा जास्त ताणतात म्हणाल्या. लाँड्रीतल्या वहिनींनी दोन दिवसांत परत दिला.

याची कारणं तपासली. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप : ७ मध्यम, त्याखाली आम्ल, वर अल्कली. पीएच पट्टीवर साबणाचं पाणी ९ आणि १० च्या मध्ये आलं. निरोगी त्वचेचा वरचा थर साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. तेल कितीही शिल्लक ठेवलं तरी साबणाचा पीएच खाली येत नाही, कारण साबण म्हणजे मुळात अल्कलीशी बांधलेलं मेदाम्ल. त्याला आम्लाकडे ओढलं की साबण मोडतो आणि तेलकट गाळ उरतो. लिंबाचा रस घालून पीएच उतरवलेला साबण होतच नाही, हे लक्षात ठेवा. बाजारात 'लिंबू साबण' मिळतो त्यात लिंबाचा वास असतो.

दुसरं कारण खोबरेलातच आहे. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. त्याचा साबण लहान साखळीचा, पाण्यात चटकन विरघळणारा, म्हणून फेस झकास. तेच लहान रेणू त्वचेच्या वरच्या थरात सहज शिरतात आणि तिथला स्निग्धांश सोबत घेऊन जातात.

तिसरं पाण्याचं. आमच्याकडे पडोशाच्या पाणीपुरवठा प्रकल्पाचं नळाचं पाणी येतं, त्यात साबण ठीक चालतो. शेजारच्यांच्या बोअरवेलच्या पाण्यात मात्र बादलीच्या कडेला पांढरट चिकट कड बसली. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि न विरघळणारा मळ तयार होतो. तो बादलीला बसतो तसाच हातालाही बसतो.

१ किलो तेल, सोडा आणि महिना गेला. वड्या कपडे धुवायला काढल्या. घरचं, नैसर्गिक, आपल्या माडाचं हे सगळं खरं असलं तरी भेगाळलेल्या हातांसाठी हा साबण कडकच आहे. हे मला ठामपणे लिहायचं आहे, कारण घरगुती साबणाच्या कौतुकात ही गोष्ट कुणी सांगत नाही.

३ जून

मुंबईहून कुरिअरने माल मागवला, साबणाऐवजी मळ काढणारे तीन घटक. अशा घटकांना सरफॅक्टंट म्हणतात. सोडियम लॉरेथ सल्फेटची ७० टक्क्यांची पेस्ट (पुढे एसएलईएस), किलोला १८० रुपये. कोकामिडोप्रोपिल बीटेन ३० टक्क्यांचं द्रावण, किलोला २२० रुपये. डेसिल ग्लुकोसाइड ५० टक्क्यांचं, किलोला ५२० रुपये. कुरिअरचा खर्च एकेका मालाच्या किमतीएवढा, त्यामुळे दोघीतिघींनी मिळून मागवावं. बीटेन आणि ग्लुकोसाइड दोन्हींची चरबीकडची बाजू बहुधा खोबरेल किंवा पाम कर्नल तेलातूनच काढलेली असते. म्हणजे माड इथेही आहे.

सल्फेटचं नाव ऐकूनच दोघींनी नाक मुरडलं. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) आणि एसएलईएस एकच समजतात. एसएलएस खरोखर कडक आहे, इतका की त्वचेच्या चाचण्यांत मुद्दाम जळजळ घडवून आणायला तोच वापरतात. एसएलईएसमध्ये इथिलीन ऑक्साइडच्या एकदोन कड्या जोडलेल्या असतात, त्यामुळे तो बराच मवाळ होतो. ही जोडणी करताना डायऑक्सेन नावाचा नको असलेला अंश मागे राहू शकतो. चांगला कारखाना तो काढून टाकतो. पुरवठादाराकडे त्या बॅचचं तपासणीपत्र मागावं. मी मागितलं, मिळालं, मग पैसे भरले.

५ जून

एसएलईएसची पेस्ट पाण्यात विरघळवणं हे वेगळंच काम आहे. आधी पेस्ट भांड्यात घेतली आणि वरून थोडं थोडं पाणी घातलं. पेस्ट पातळ व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट झाली, पळी उभी राहील इतकी. या पदार्थाचं असंच आहे : ७० टक्क्यांना तो हलवता येतो, पण ३० ते ६० च्या टप्प्यात घट्ट जेल बनतो, आणि त्याखाली गेला की पुन्हा पाण्यासारखा. हँड ब्लेंडर घातला तर सगळं भांडं फेसाने भरलं. फेस बसायला रात्र गेली.

उपाय सोपा निघाला. सगळं पाणी आधी घ्यायचं, त्यात पेस्टचे लहान गोळे सोडायचे, झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी पळीने हळूच फिरवलं की एकसारखं होतं. फेटायचं नाही.

८ जून

नुसता एसएलईएस, १ किलोत १५० ग्रॅम पेस्ट. पाण्यासारखं पातळ. घट्ट करायला मीठ घालतात, म्हणून पेडण्याच्या आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ हौसेने आणलेलं होतं ते घातलं. लिक्विड मातकट झालं. आगराचं मीठ स्वयंपाकात मला आवडतं, पण त्यात गाळ असतो आणि मॅग्नेशियमचे क्षारही. गाळून घेतलं तरी रंग गेला नाही. यासाठी शुद्ध, बिनआयोडीनचं पांढरं मीठच बरं.

त्यापेक्षा महत्त्वाचं : जाऊबाईंना हे खोबरेलाच्या साबणापेक्षा थोडंच बरं वाटलं. ताण आहेच.

१४ जून

आज बीटेन. १ किलोत १०० ग्रॅम एसएलईएस पेस्ट आणि ८० ग्रॅम बीटेन. वाटलं होतं, एक सरफॅक्टंट कमी आणि दुसरा जास्त, एवढाच फरक पडेल. हाताला मात्र फार मोठा फरक जाणवला. धुतल्यावर ताण जवळजवळ नाही.

यामागे काय घडतं ते थोडक्यात सांगते. सरफॅक्टंटच्या रेणूला एक पाण्याकडे ओढणारं डोकं असतं आणि एक तेलाकडे ओढणारी शेपटी. पाण्यात पुरेसे रेणू झाले की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून एकत्र जमतात, या जमावाला मिसेल म्हणतात. तेल आणि मळ मिसेलच्या पोटात जातो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. त्वचेला त्रास देतात ते मुख्यतः मिसेलबाहेर सुटे फिरणारे रेणू. एसएलईएसची डोकी सगळी ऋणभारित, एकमेकांना ढकलतात. बीटेनच्या डोक्यावर धन आणि ऋण दोन्ही भार असतात, ते मध्ये बसलं की ढकलाढकली कमी होते, मिसेल मोठे आणि घट्ट होतात, बाहेर सुटे रेणू थोडेच उरतात. म्हणून नुसता एसएलईएस जेवढा झोंबतो, त्यात बीटेन मिसळल्यावर तेवढा झोंबत नाही, एकूण सरफॅक्टंट वाढला तरीसुद्धा.

"कोणता घटक सौम्य?" असं मला सगळ्या बायका विचारतात. एकट्या घटकावर ते ठरत नाही. कोण कुणाबरोबर, किती आणि कोणत्या पीएचला, यावर ठरतं.

१६ जून

मिठाचं गणित. त्याच मिश्रणाचे कप भरले आणि ०.५ टक्क्याच्या पायऱ्यांनी मीठ वाढवत नेलं. दीड ते दोन टक्क्यांना सुंदर दाट, धार तुटत नाही. तीनच्या पुढे पुन्हा पातळ. जास्त मीठ म्हणजे जास्त दाट, असं समजून कुणी ओतत राहिलं तर घट्टपणा हातचा जातो आणि मीठ परत काढता येत नाही. पाण्यात विरघळवून थोडं थोडं घाला आणि प्रत्येक वेळी थांबून पाहा.

२९ जून

पाऊस धो धो. कामाला जाणाऱ्या बायका भिजून येतात, बाटल्या रिकाम्या परत आणतात. बीटेन वाढवून १५० ग्रॅम केलं आणि मीठ जुन्याच मापाने घातलं. लिक्विड पाणी झालं. सगळा दिवस शोधण्यात गेला. बीटेनच्या द्रावणात कारखान्यातूनच साधारण ५ टक्के मीठ आलेलं असतं. १५० ग्रॅममध्ये सात-साडेसात ग्रॅम तिथेच झालं. बीटेन वाढलं की वरचं मीठ कमी करायचं. ही बॅच मिठाशिवाय केलेल्या दुसऱ्या घाण्यात निम्मी-निम्मी मिसळून वाचवली.

७ जुलै

वाड्यावरच्या शिक्षिका बाईंना सल्फेट नकोच आहे. त्यांच्यासाठी नुसत्या डेसिल ग्लुकोसाइडची बॅच. हा पदार्थ बाटलीतून येतो तेव्हा त्याचा पीएच ११.५ ते १२ असतो. 'साखर आणि खोबरेलापासून' असं लेबलवर वाचून कुणी थेट हाताला लावू नये. सायट्रिक ॲसिडचं ५० टक्के द्रावण थेंबाथेंबाने घालून उतरवावं लागतं.

मीठ इथे काहीच करत नाही, कारण या डोक्यांवर भारच नाही. घट्ट करायला झँथन गम, म्हणजे एक प्रकारचा डिंक, वापरला. कोरडा टाकला तर गुठळ्या, म्हणून आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यायचा. तरीही भेंडीसारखी बुळबुळ येते, काहींना ती आवडत नाही. फेस बारीक आणि कमी. बाईंना चाललं.

फेसाबद्दल इथेच लिहून टाकते. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आलेल्या हातांना फेस कमीच येतो, तेल फेस मारतं. मग बायका आणखी लिक्विड घेतात. मी मनगटावर तेलात कालवलेला रेशाद मसाला चोळला आणि तिन्ही बॅचनी धुतला. लाल डाग तिघींनी सारखाच काढला, फेस मात्र तीन वेगळ्या मापांचा. फेसावरून स्वच्छता मोजता येत नाही. हे मनगट दाखवल्यावरच बायकांना पटलं, माझ्या सांगण्याने पटलं नव्हतं.

२६ जुलै

ग्लुकोसाइडच्या बाटल्यांना वास. एकीच्या तळाशी काळे ठिपके. सगळ्या परत मागवल्या आणि ओतून टाकल्या.

टिकाऊपणासाठी सोडियम बेंझोएट ०.५ टक्के घातलेलं होतं. ते काम करतं फक्त आम्लधर्मी लिक्विडमध्ये. पीएच ५ ला त्याचा सातवा-आठवा हिस्सा जंतू मारणाऱ्या रूपात असतो. पीएच ६.५ ला जेमतेम अर्धा टक्का. पीएच आधी ५.२ केला होता, पण फेस कमी म्हणून नंतर वरून आणखी ग्लुकोसाइड घातलं गेलं आणि त्याने पीएच पुन्हा वर नेला. शेवटी तपासला गेला नाही. आज मोजला तर ६.५.

यापुढे असं :

पीएच सगळ्यात शेवटी, सगळं घालून झाल्यावर. एक भाग लिक्विड आणि नऊ भाग पाणी करून मगच पट्टी बुडवायची, घट्ट लिक्विडमध्ये पट्टी खोटं दाखवते. दुसऱ्या दिवशी परत एकदा.

बेंझोएट आधी भरपूर पाण्यात विरघळवायचं, आम्ल शेवटी. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र आली तर बेंझोइक आम्लाचे पांढरे कण पडतात.

पाणी उकळून गार केलेलं. बाटल्या धुऊन, पूर्ण सुकवून, आतून अल्कोहोल फिरवून. जुन्या बाटलीत उरलेल्यावर नवीन ओतायचं नाही. आषाढ-श्रावणात गोव्यात बाटली सुकायलाच दोन दिवस लागतात, तेवढे ठेवावेतच.

ओतून टाकलेलं लिक्विड व्हाळात सोडलं नाही. हे पदार्थ मातीत लवकर विघटित होतात, पण वाहत्या पाण्यात एकदम गेले तर माशांच्या कल्ल्यांना बाधतात. पुष्कळ पाण्यात मिसळून कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला, विहिरीपासून लांब, जिरवलं.

९ ऑगस्ट

तुलना. एकीत नुसता एसएलईएस आणि दुसरीत मिश्रण, बाटल्यांना लाल आणि निळा दोरा. कुठल्या दोऱ्यात काय हे फक्त मला माहीत. आठवडा लाल, आठवडा निळा. बहुतेकींनी मिश्रणाची बाटली निवडली. लाँड्रीतल्या वहिनींना मात्र नुसता एसएलईएस आवडला, "हात करकरीत होतात, धुतल्यासारखं वाटतं" म्हणून. तो करकरीतपणा म्हणजे हाताचा स्वतःचा स्निग्धांश गेल्याची खूण आहे. त्यांना समजावलं. त्या अजून विचार करतायत.

१५ ऑगस्ट

एका मुलीच्या मनगटावर मिश्रणाची बाटली सुरू केल्यापासून खाज आणि लाल चट्टे. वापर लगेच बंद करायला सांगितला आणि तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. बीटेनची ॲलर्जी माहितीतली आहे. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संपर्क-ॲलर्जीवरच्या संघटनेने २००४ साली बीटेनला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं होतं. बऱ्याचदा दोष त्यात उरलेल्या अशुद्ध घटकांचा असतो, म्हणून चांगल्या प्रतीचं बीटेन घ्यावं. आणि ग्लुकोसाइड म्हणजे निर्धोक असंही धरू नये, २०१७ साली त्याच यादीत त्यांचं नाव आलं.

म्हणून नवीन बाटली देताना आता कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून, धुऊन, दोन-तीन दिवस पाहायला सांगते. आणि सुगंध नाही. गवती चहाचं तेल घालायचा आग्रह बऱ्याच जणींचा होता, पण भेगांवर सुगंधी तेल नको. शिवाय सुगंधाने मिठाचं सगळं गणित हलतं.

२२ ऑगस्ट

धुतल्यावर लावायला भिरंडेलाचं, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचं, लोशन. भिरंडेलाचे गोळे टाचांच्या भेगांना आमच्याकडे लावतातच. पहिल्यांदा मेण आणि भिरंडेल वितळवून त्यात पाणी फेटलं, संध्याकाळपर्यंत पाणी वेगळं. मेण घट्टपणा देतं, तेल आणि पाणी बांधून ठेवत नाही. त्याला सरफॅक्टंटच लागतो. ५ टक्के इमल्सिफाइंग वॅक्स घातलं, तेल आणि पाणी दोन्ही ७० अंशांवर आणून मिसळलं, गार होईपर्यंत हलवत राहिले. टिकलं. हलवणं थांबवलं तर भिरंडेलाचे बारीक कण होतात.

धुणारा सरफॅक्टंट तेल हातावरून काढून नेतो, हा तेल पाण्यात बांधून हातावर ठेवतो.

४ सप्टेंबर

चवथीच्या कामांत बॅच करायला सवड नव्हती. त्याआधी केलेल्या बाटल्या महिना झाला तरी ठीक आहेत. वास नाही, पीएच ५.१ वर स्थिर.

आता कायम केलेलं प्रमाण, १ किलोसाठी : उकळून गार केलेलं पाणी ६८० ग्रॅम, एसएलईएस पेस्ट ८०, बीटेन १५०, डेसिल ग्लुकोसाइड ४०, ग्लिसरीन ३०, सोडियम बेंझोएट ५, मीठ १२ पर्यंत, सायट्रिक ॲसिड सुमारे ३ ग्रॅम. बेंझोएट पाण्यात, मग पेस्ट रात्रभर. सकाळी बीटेन, ग्लुकोसाइड, ग्लिसरीन. मग आम्ल. पीएच ५ ते ५.३. मीठ त्यानंतर, विरघळवून, कारण आम्लाने बीटेनचा स्वभाव बदलतो आणि घट्टपणाही. मग पीएच पुन्हा. १ किलोला मालाचा खर्च ८० रुपयांच्या आसपास, कुरिअर आणि बाटल्या वेगळ्या.

जाऊबाईंच्या पेरांवरच्या भेगा भरत आल्यात. त्या लिक्विडमुळे की रोज लोशन लावू लागल्यामुळे की हातमोजे घालायला लागल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. तिन्ही चालू ठेवायला सांगितलंय.

११ सप्टेंबर

म्हापशाच्या बाजारात हे विकू या, असं दोघी म्हणतायत. परवान्याशिवाय नाही. सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. गोव्यात त्यासाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो, आणि जागा, उपकरणं, तंत्रज्ञ, तपासणी हे सगळं दाखवावं लागतं. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते बसणार नाही. बचतगटाला वेगळी खोली मिळते का हे आधी पाहायचं आहे.

तोपर्यंत पुढचं काम : शेजारच्यांच्या बोअरवेलच्या पाण्यात हेच मिश्रण, आणि त्या मुलीसाठी बीटेन वगळून एक वेगळी बॅच, डॉक्टरांचा अहवाल आल्यावरच.